कारवानी कुत्रीला घेऊन दोघांचं कोल्हापूर

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं राणीला, म्हणजे आमच्या कारवानी कुत्रीला, घेऊन कोल्हापूरला गेलो. कुत्रं बरोबर असेल तर देऊळ, राजवाडा, संग्रहालय अशी यादी घेऊन निघू नका. उघड्यावरचं कोल्हापूर आधी बघा, आणि तेही पहाटे. ते इतकं देखणं आहे की काही हुकल्यासारखं वाटत नाही.

उजाडता उजाडता रंकाळ्याला फेरी मारली. गर्दी नव्हती, पायाखालची फरशी गार होती, पलीकडे शालिनी पॅलेस धुक्यातून हळूहळू दिसायला लागला. राणीला मात्र तळ्याचं पाणी पिऊ दिलं नाही. साचलेल्या पाण्यावर हिरवट साय असेल तर ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून घरचं पाणी आणि वाडगं सोबत ठेवा. तिथून पंचगंगा घाटावर गेलो. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी समोर पिळून फेसाळ दूध देतात, ते प्यायचंच, पण कुत्र्याला म्हशींपासून लांब धरून. कारवानी जातच पळणाऱ्याच्या मागे लागणारी, त्यामुळे पट्टा हातातून सोडायचा नाही. इकडच्या लोकांना ही जात चांगली माहीत आहे. घाटावर एका आजोबांनी लांबूनच विचारलं, ‘कारवानी हाय न्हवं? चावतंय काय ओ?’ आणि मग तिच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ बसले.

अंबाबाईचं दर्शन पाळीपाळीनं घ्या. आधी नवरा आत गेला, मी राणीला घेऊन बिंदू चौकाच्या बाजूला सावलीत थांबले, मग मी गेले. जोडीनं दर्शन झालं नाही याची थोडी हुरहुर लागली, पण घंटांच्या आणि माणसांच्या गर्दीत तिला नेणं तिच्यावर अन्यायच झाला असता. नवा राजवाडाही तसाच पाहिला. मेजर मँटनं आखलेली, १८८४ मध्ये पुरी झालेली ही काळ्या दगडाची इमारत बाहेरूनही डोळे भरून बघावी अशी आहे, आणि आतलं संग्रहालय एकेकट्यानं बघता येतं. कुत्र्याला गाडीत बंद करून दोघांनी आत जाणं मात्र कदापि नको. काच थोडी खाली ठेवली तरी उन्हात गाडी काही मिनिटांत तापते.

सगळ्यात जास्त रमलो ते वीस किलोमीटरवरच्या पन्हाळ्यावर. १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज इथूनच विशाळगडाकडे निसटले. तटावरून खालचं रान बघताना त्या रात्रीची वाट डोळ्यांसमोर उभी राहते. तीन दरवाजा आणि अंबरखान्याच्या बाजूला आम्ही सकाळीच गेलो, कारण दहानंतर दगड तापतो. आपला तळहात दगडावर टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. गडावर वस्ती आहे, त्यामुळे गावच्या कुत्र्यांची हद्द असते. ती दिसली की आपल्या कुत्र्याला उचलून घेण्यापेक्षा शांतपणे वाट बदलणं बरं. संध्याकाळी कान, बगला आणि बोटांच्या मधे गोचीड तपासा.

जेवणाचं सांगते. तांबडा-पांढरा आपल्यासाठी. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, आणि अळणी रश्शातही तो असतोच. शिजलेलं हाड तुटून घशात किंवा आतड्यात रुततं, म्हणून ताटातलं हाड प्रेमानंसुद्धा देऊ नका. आमच्या घरगुती मुक्कामाच्या मावशींनी फोडणीआधीच नुसतं उकडलेलं, बिनहाडाचं मटण बाजूला काढून दिलं. खोली ठरवतानाच फोनवर कुत्र्याची जात, वजन, सवयी सांगा आणि रेबीजच्या लसीचं कार्ड जवळ ठेवा.

नवरात्र आणि जोतिबाची चैत्र यात्रा टाळा. यात्रेतला गुलाल माणसाला शोभतो, पण कुत्र्याच्या डोळ्यांना आणि नाकाला झोंबतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम.