तीस मिनिटं

बैठक सकाळी अकराला होती. नव्या राखीव क्षेत्रांचा नकाशा आदल्या रात्रीच छापून आला होता आणि त्यातला एक चौकोन सगळ्यांचा लाडका होता. उतारावरची, दगडधोंड्यांची सरकारी जमीन. तिथे ना शेती, ना खाण, ना रस्ता. महसूलवाले गप्प, खाणवाले गप्प. असं एकमत आमच्या कामात वर्षाकाठी एकदाही होत नाही.

विज्ञानही त्याच्या बाजूने होतं. म्हणजे मी तसं लिहून दिलं होतं.

आम्ही मार्क्सन वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळरांगेची २००४ साली फेरआखणी होऊन मासेमारीबंद भाग ५ टक्क्यांच्या आतून ३३ टक्क्यांवर गेला, त्या कामातलं हे सॉफ्टवेअर. देशाचा नकाशा चौकोनांत कापायचा. प्रत्येकात कोणत्या प्रजाती, कोणते अधिवास आहेत ते भरायचं, तो चौकोन राखणं किती महागात पडेल तेही भरायचं. मग म्हणायचं, प्रत्येकाला किमान अमुक इतका वाटा मिळेल असा कमीत कमी खर्चाचा संच काढून दे. उत्तर दर वेळी थोडं बदलतं, म्हणून आम्ही ते १०० वेळा चालवतो. जो चौकोन १०० पैकी १०० वेळा येतो, त्याला पर्याय नाही असं धरायचं. आमचा लाडका तसाच होता. कारण एकच: ओल्या गवतात उगवणारं एक बोटभर फूलझाड. देशभरात त्याची एकच नोंद, तीही जुन्या वनस्पतिसंग्रहातल्या चिठ्ठीवरची.

नऊ वाजता तिथल्या वनरक्षकांचा फोन आला. स्लाइडवर टाकायला फोटो हवेत म्हणून मीच त्यांना पाठवलं होतं.

"मॅडम, चार दिवस झाले फिरतोय. तुमचं झाड ओलाव्यातलं म्हणालात ना? इथं सगळा कातळ आहे. पाणी थांबेल अशी वीतभर जागा नाही."

चिठ्ठीचं स्कॅन उघडलं. अक्षांश इतके अंश, ३० मिनिटं. आमच्या तक्त्यात तेच अंश, पुढे दशांश चिन्ह आणि ३०. एका अंशात ६० मिनिटं असतात, हे शाळेत शिकलेलं. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, दशांशात .५०. फरक .२० चा. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर. म्हणजे झाड २२ किलोमीटर सरकलं होतं. कुणी टाइप केलं ते पाहिलं. मीच.

आकडा दुरुस्त करून पुन्हा १०० वेळा चालवलं. स्क्रीनकडे बघत बसण्यापलीकडे तेव्हा करण्यासारखं काही नसतं. लाडका चौकोन ३ वेळा आला. नदीकाठचा दुसरा एक १०० वेळा. त्यात चार गावांची चराई होती.

सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चूक तुझी आहे, ठीक आहे. पण तो चौकोन का काढायचा? फुकट मिळतोय. टक्का वाढतो."

टक्का म्हणजे ३०. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जागतिक जैवविविधता कराराच्या बैठकीत ठरलं, की २०३० पर्यंत जगातली ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा. सरांना दर तिमाहीला त्याचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून मला त्यांचा राग आला नाही. पण टक्का असाच भरत जातो. जगातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान ईशान्य ग्रीनलंडमध्ये आहे, सुमारे ९,७२,००० चौरस किलोमीटर, बहुतांश बर्फ. त्याचं मोल आहेच. पण तिथे नांगर कोण घेऊन जाणार होतं?

"कारणाच्या रकान्यात आता काय लिहू?" मी विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही.

बैठकीत मी पहिल्याच स्लाइडवर चूक सांगून टाकली. कानशिलं तापली होती. कुणी चुकीबद्दल बोललंच नाही. पशुसंवर्धनच्या बाईंनी थेट विचारलं, "मग आता चराई बंद?"

मला राजस्थानातलं भरतपूरचं पक्षी अभयारण्य, केवलादेव, आठवलं. केवलादेवला १९८२ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि म्हशींना मज्जाव झाला. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं ते उलटंच: म्हशी गेल्यावर पाणगवत माजलं, त्याखाली उघडं पाणी झाकत गेलं, पाणपक्ष्यांचीच जागा गेली. आमचं बोटभर झाड उंच गवतात तगेल की नाही, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. म्हणून मी म्हटलं, अभयारण्य नको. जैवविविधता कराराने २०१८ मध्ये दुसरी एक वाट मान्य केली आहे; वापर चालू, पण निसर्ग टिकतो अशी जागा. ती ३० टक्क्यांत धरता येते. मात्र गावांशी बोलावं लागेल, आणि पुढच्या तिमाहीत ते होणार नाही.

शेवटी लाडका चौकोन यादीत राहिलाच. कारणाच्या रकान्यात 'भूदृश्य' असं आलं. तो शब्द माझा नाही. नदीकाठच्यापुढे 'अधिक पाहणी' लागलं.

संध्याकाळी वनरक्षकांचा पुन्हा फोन. मोटारसायकल घेऊन ते परस्पर नदीकाठी गेले होते.

"एका गुराख्याला फोटो दाखवला. म्हणाला, हे होय? हे तर आमच्या गुरांच्या पायाखाली असतं. उद्या दाखवतो म्हणालाय."

"जागेचे आकडे नीट घ्या हं."

"घेतो ना. मिनिटांत पाठवू, की तुमच्या त्या पॉइंटात?"