ओळ दाखव

भाचीच्या गृहपाठात पँडोराचा उतारा होता. ग्रीक पुराणकथेतली ही पहिली स्त्री, तिने पेटी उघडली आणि जगात दुःखं पसरली, ती गोष्ट. प्रश्न होता : ‘पँडोराने पेटी का उघडली? उताऱ्यातील पुराव्यासह लिहा.’ तिने लिहून टाकलं, ‘तिला कुतूहल होतं.’ मी म्हटलं, ओळ दाखव. तिने उतारा दोनदा वाचला. ‘मावशी, ओळ नाहीये गं. पण सगळ्यांना माहीत असतं ना!’

हे ‘सगळ्यांना माहीत असतं’ डोक्यातून जाईना. रात्री ही गोष्ट सांगणाऱ्या प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या ‘वर्क्स अँड डेज’चं भाषांतर काढलं आणि पेन्सिल घेऊन बसले. कवी इ. स. पूर्व ७०० च्या आसपासचा. त्याच्याकडे पेटी नाहीच, रांजण आहे. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने ही गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना रांजणाची डबी केली, तिचीच पुढे पेटी झाली.

बरं, तो तिने उघडला का? हेसिअड म्हणतो, तिने मोठं झाकण हातांनी काढलं आणि आतलं सगळं पसरलं. कुतूहलाचा शब्दही नाही. ‘उघडू नकोस’ अशी ताकीदसुद्धा नाही! ताकीद होती ती एपिमिथिअसला; पँडोराला भेट म्हणून पाठवलं ते त्याच्याकडे. देवांचा राजा झ्यूस याच्याकडून आलेली भेट घेऊ नकोस, असं त्याच्या भावाने, प्रोमिथिअसने त्याला बजावलं होतं. विसरला तो, नाव मात्र तिचं झालं.

इथवर येऊन मी तिला निर्दोष सोडायच्या बेतात होते. पण पुराव्याचा आग्रह धरायचा तर नको असलेली ओळही वाचावी लागते. देवांचा दूत हर्मिसने तिच्यात खोटेपणा, लाघवी बोलणं आणि चोरटा स्वभाव घातला, असं आधीच येऊन गेलंय. शिवाय झाकणाच्या पुढच्याच ओळीत एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘योजलं, घडवून आणलं’ असा होतो : माणसांसाठी तिने दुःखं योजली. म्हणजे मुद्दाम? की जे घडलं तेच कवी तिच्या खाती टाकतोय? माझी पेन्सिल त्या शब्दाखाली बराच वेळ थांबली. अजूनही मला दोन्ही वाचनं शक्य वाटतात.

झ्यूसच्या बाबतीत असा घोळ नाही. प्रोमिथिअसने माणसांसाठी आग चोरली होती; त्या आगीच्या बदल्यात मी माणसांना एक संकट देईन, असं तो स्वतःच्या तोंडाने सांगतो, वर हसतो. आशा रांजणात राहिली तीही त्याच्याच इच्छेने. पँडोराचं काय? हर्मिसने तिला वाचा दिली, हे कवी मुद्दाम नोंदवतो. आणि पुढे ती एक शब्द बोलत नाही.

सकाळी भाचीने उत्तर खोडलं आणि लिहिलं, ‘झ्यूसला सूड घ्यायचा होता.’ खाली त्याच्या रागाची ओळही उताऱ्यातून उतरवून काढली. प्रश्न पँडोराबद्दल होता, हे मी तिला सांगितलं नाही.