तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या कूलरचा भाव

"तुम्हाला भाव करताना संकोच वाटत नाही का? आणि समोरचा रागावत कसा नाही?" हा प्रश्न मला वर्षातून दहा जण तरी विचारतात. शेजारच्या वहिनी, नवऱ्याच्या ऑफिसातले, भाचीच्या मैत्रिणी. परवा आमच्या गल्लीतल्या एका मुलाने विचारला. त्याला जामनेरला एक जुनी मोटारसायकल बघायला जायचं आहे. दारात उभ्या उभ्या सुचलं तेवढं सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून नीट लिहिते.

मी भुसावळची. वडील लोको शेडमध्ये होते, लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. ज्या गावात सारख्या बदल्यांच्या ऑर्डरी निघतात, त्या गावात जुन्या वस्तूंना कधी तोटा नसतो. कुणी सोलापूरला निघतं, कुणी मुंबईला. मुंबईच्या खोलीत आपला पत्र्याचा कूलर मावत नाही, आणि लोखंडी कपाट सोलापूरला न्यायचं तर टेम्पोच्या भाड्यात कपाटाची किंमत जाते. मग विकायला निघतं. पूर्वी शेजारीपाजारी निरोप जायचा, आता मोबाईलवर फोटो जातो आणि पाच मिनिटांत पहिला मेसेज येतो, "लास्ट किती?"

मी "लास्ट किती"ला आकडा देत नाही. "या, वस्तू बघा, चालवून बघा, मग बोलू. बोलायला जागा आहे," एवढंच लिहिते. फोनवर एकदा उतरलेला भाव दारात आल्यावर पुन्हा उतरतो, हा माझा अनुभव आहे. मी घेणारी असते तेव्हाही फोनवर किंमत पाडत नाही. वस्तू न बघता आपण आकडा बोललो तर तो कशाच्या जोरावर बोललो? समोरच्याला ते लगेच कळतं आणि तिथेच त्याचं मन आंबतं.

भाव कसा करू नये, हे मी आईच्या पायमशीनवरून शिकले. डोळ्यांमुळे तिचं शिवण थांबलं आणि मशीन विकायचं ठरलं. आई 1,500 रुपये म्हणत होती. पहिला माणूस आला तो उभाच राहिला. बुटाने पायडल हलवलं आणि म्हणाला, "यात काय राहिलंय काकू, मोडीतच घालायचं हे. हजार देतो." आई काही बोलेना, तसा तो वाढत वाढत 1,400 पर्यंत आला. आई म्हणाली, "नाही विकायचं." दोन दिवसांनी यावलहून एक बाई आली, बरोबर मुलगी. तिने पदराने बसायची पाटी पुसली, मशीनवर बसली, चाक हाताने फिरवलं, चामडी वादी बोटाने ओढून बघितली, बॉबिन काढून परत बसवली. मग म्हणाली, "जपून वापरलंय हो तुम्ही. वादी तेवढी नवी टाकावी लागेल. पण माझ्याजवळ 1,300 च आहेत." आईने मशीन दिलं. वर खणातल्या बॉबिनी, सुयांची पाकिटं आणि तेलाची बुधली पण दिली.

मला तेव्हा आईचा राग आला होता, शंभर रुपये घालवले म्हणून. आमचे शाळेचे कपडे, अर्ध्या लाइनीतल्या बायकांचे ब्लाउज त्या मशीनवर झाले होते. त्या माणसाने आईच्या सतरा वर्षांच्या कामाला मोड म्हटलं होतं, हे कळायला मला स्वतःचा संसार करावा लागला.

तेव्हापासून मी वस्तूला नावं ठेवत नाही. "जुनं झालंय", "आता कोण वापरतं हे", "नवीन याच्याहून स्वस्त मिळतं" ही वाक्यं मी तोंडातून काढत नाही. दोष सांगायचा तर नेमका, बोट ठेवून दाखवायचा आणि तो दुरुस्त करायला किती लागतील ते सांगायचं. त्यात अपमान नसतो, हिशेब असतो. हिशेबाला माणूस हिशेबानेच उत्तर देतो.

आजोबांचं गाव शिरपूरकडचं. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला यात्रा भरते, घोड्यांच्या बाजारासाठी ती लांबलांबपर्यंत माहीत आहे. तिथे ते हौसेने जात, आणि बैलबाजारात गरजेने. बैलाचे दात बघून, चालवून झालं की मालक आणि दलाल उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं धरून भाव सांगायचे. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला आकडा कळायचा नाही. आजोबा म्हणायचे, भाव कमी बोललो तरी चारचौघांत माणसाची किंमत कमी होत नाही. यात दलालाचाही फायदा असायचा, हे खरं आहे. बाजारभाव झाकलेलाच राहायचा आणि शेतकरी कधी कधी बुडायचा. पण त्या उपरण्याखालची अदब मला मोलाची वाटते. म्हणून मी बायकोसमोर नवऱ्याशी किंवा मुलांसमोर बापाशी भाव करत नाही. "दादा, जरा ओट्यावर येता का?" म्हणते आणि बाहेर बोलते. दुसरं गिऱ्हाईक समोर असेल तर थांबते. त्याचं होऊ देते.

आता कूलरचं सांगते, कारण खानदेशात कूलर सगळ्यांनाच लागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या पुढे जातो आणि मार्चमध्ये जुन्या कूलरलाही नव्याचा भाव येतो. घ्यायचा तर पाऊस पडल्यावर घ्यावा. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका साहेबांची मुंबईला बदली झाली होती. ते 4,500 सांगत होते. मी विचारलं, "पाणी टाकून चालवून बघू का?" दोन बादल्या ओतल्या. पंख्याला आवाज नव्हता. दोन बाजूंचं गवत ओलं झालं, तिसरी बाजू कोरडीच, पंप कण्हत होता. टाकीखालून हात फिरवला तर एका कोपऱ्यात खरखरीत गाठ लागली. मी विचारायच्या आत साहेबच म्हणाले, "तिथे मागच्या वर्षी गळत होतं, एम-सील लावलंय."

मी म्हटलं, "तुम्ही स्वतःहून सांगितलंत, बरं वाटलं. पंखा छान आहे. पंप बदलायला 400 जातील, तिन्ही बाजूंच्या गवताला 300. आणि आता मार्चपर्यंत हा माझ्या घरात नुसता जागा अडवणार. मला 3,200 जमतील. तुम्हाला कमी वाटत असेल तर तसं सांगा, मला राग येणार नाही."

आणि मी गप्प बसले. हे गप्प बसणं फार अवघड असतं. आपण अवघडून आणखी बोलत राहतो, कारणं देतो, नाहीतर भाव आपणच वाढवतो. समोरच्याला विचार करायला वेळ देणं हीसुद्धा अदबच आहे.

ते म्हणाले, "ताई, घेताना साडेसात हजार पडले होते." मी "त्याला किती वर्षं झाली" असं म्हटलं नाही. "पडलेच असतील, पत्रा जाड आहे," म्हटलं, कारण तो खरंच जाड होता. ते 4,000 वर आले. मी म्हटलं, "मग असं करू, पंप तुमच्याकडून, गवत माझ्याकडून. 3,600." ते हसले आणि आत चहा सांगितला.

इथे पुष्कळ लोक म्हणतात, "तुमचं नाही, आमचं नाही, मधलं करा." मला ते पटत नाही. मधलं करायचं म्हटलं की जो सुरुवातीला जास्त खोटं बोलला त्याचा फायदा होतो. पाच हजारांच्या वस्तूला कुणी आठ सांगितले आणि आपण प्रामाणिकपणे पाच म्हटलं, तर मधलं साडेसहा होतं. म्हणून मी मधल्यावर नाही, कारणावर भाव मोडते. विकताना मीही जागा ठेवते, पण थोडी. 5,000 ला द्यायची वस्तू 5,500 सांगते, 8,000 नाही. आपल्याकडे घेणाऱ्याला काहीतरी सुटल्याशिवाय बरं वाटत नाही. "ताई, माझा मान ठेवा" म्हटल्यावर शंभर-दोनशे सोडले की तो आनंदाने जातो. ते पैसे मी आधीच धरलेले असतात.

भाव बोलून दाखवला म्हणजे तो देण्याची तयारी हवी, हे मात्र मी कडकपणे पाळते. एकदा आमचं कपाट 6,000 ला ठरलं, घेणाऱ्याने 500 इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला. मधे दुसरा माणूस 6,500 द्यायला तयार होता, त्याला मी नाही म्हटलं. ठरल्या दिवशी पहिला टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आला आणि दारात म्हणाला, "5,000 च आणलेत, आता टेम्पो परत नेऊ का?" मी आतून 500 आणून त्याच्या हातात ठेवले. "इसार घ्या. उन्हातून आलात, पाणी घ्या. पण कपाट राहू द्या." आवाज चढवला नाही. तो गेला. कपाट तीन आठवड्यांनी 5,400 ला गेलं. मला त्या सहाशेचं वाईट वाटलं नाही.

गाडीचं थोडं वेगळं आहे, आणि त्या मुलाने तेच विचारलंय. गाडीच्या भावात कागदही येतात. नाव ट्रान्सफरचा खर्च कोण करणार हे आकडा बोलण्याआधी ठरवायचं, नाहीतर ठरलेला सौदा तिथेच मोडतो. नाव ट्रान्सफरच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या हव्यात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे हरकत नसल्याचं पत्र, आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 हवा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 मध्ये आहे. मी माझी स्कूटर विकली तेव्हा धुळ्याचा एक मुलगा म्हणाला, "ताई, ट्रान्सफरचं नंतर बघू, मी 500 जास्त देतो." मी त्याला म्हटलं, "दादा, पाचशे कमी द्या, पण नाव आधी तुमचं करू." अपघात झाला आणि आरटीओत नाव आपलंच असलं, तर भरपाईची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तसा निकाल दिला आहे. त्याला हे समजावून सांगितल्यावर तो स्वतःच सोबत आरटीओत आला. अविश्वास दाखवला असता तर तो चिडला असता.

पैशांचं थोडक्यात. मोबाईलवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि पैसे मिळवण्यासाठी कुणी कोड स्कॅन करायला लावत असेल तर ते पैसे आपल्या खात्यातून जाणार असतात. वस्तू न बघता, भाव न करता "लगेच पाठवतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. मोबाईल घेत असाल तर बिल मागा. प्रामाणिक माणसाला बिल मागितल्याचा राग येत नाही.

आणि काही ठिकाणी मी भाव करतच नाही. जळगावला एका खोलीवर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यायला गेले होते, भाचीसाठी. मुलगा परीक्षा सोडून गावी निघाला होता. पानोपानी पेन्सिलच्या बारीक खुणा, समासात तारखा. गठ्ठ्याचे 600 म्हणाला. मी 600 दिले आणि "जेवलास का?" विचारलं. तिथे घासाघीस करायला माझी जीभ वळली नसती. कुणी रास्त भाव सांगितला असेल तरी मी कमी करायला लावत नाही. "तुम्ही योग्यच सांगितलंत" म्हणते आणि पैसे मोजते. भाव केलाच पाहिजे अशी आपल्याकडे काही शपथ नाही.

तर त्या मुलाला सांगायचं राहिलेलं हे. रविवारी जामनेरला जाशील तर ऊन वाढायच्या आत, सकाळी लवकर पोहोच. आदल्या रात्री मालकाला फोन करून सांग, "भाऊ, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, थंड इंजिन कसं उचलतं ते बघायचंय." मालक बरा असेल तर हो म्हणेल. गेल्यावर आधी हात लावून इंजिन बघ. गार असेल तर तेवढं त्याला बोलून दाखव, "तुम्ही खरंच थांबलात." मग किक मार.