अलर्टचा आठवडा: भू-यांत्रिकीत पीएचडी करणाऱ्यांनी ओस्वाला जाण्याआधी

अलर्ट जिओमटेरियल्स ही माती, खडक, काँक्रीट यांच्या यांत्रिकीवर काम करणाऱ्या युरोपीय विद्यापीठांची नि प्रयोगशाळांची संघटना. दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला फ्रेंच आल्प्समधल्या ओस्वा गावात तिची सभा भरते. सोमवार ते बुधवार कार्यशाळा, गुरुवार ते शनिवार डॉक्टरल स्कूल, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांसाठी व्याख्यानांची शाळा. मी दोन्हीला सलग बसलो आणि तुम्हालाही तेच सांगेन. नुसत्या शाळेला गेलात तर शिकाल भरपूर, पण आपल्या विषयात सध्या कुणाचं कुठे अडलंय ते कळायचं नाही.

लिऑन, जिनिव्हा किंवा तुरीन, कुठेही उतरलात तरी शेवटी मोदान स्टेशन गाठायचं. तिथून ओस्वा सात-आठ किलोमीटर, साधारण १,५०० मीटर उंचीवर. लिऑनकडून येणार असाल तर शांबेरीनंतर झोपू नका, कारण मोरियेनची दरी म्हणजे आपल्या विषयाचं उघडं पुस्तक आहे. लिऑन–तुरीन रेल्वेच्या ५७.५ किलोमीटरच्या बोगद्यासाठी सें-मार्तें-ला-पोर्त इथे एक प्रवेश-बोगदा खोदला. त्यात कोळशाच्या पट्ट्यांचा ठिसूळ खडक असा काही दाबत आला, की काही भागांत समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर दोन मीटरच्या आसपास घटलं. ‘स्क्वीझिंग’ हा शब्द आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, तो हा. आणखी पुढे ला प्राझ. इथे २७ ऑगस्ट २०२३ ला कडा कोसळला आणि रेल्वेमार्ग थेट ३१ मार्च २०२५ ला सुरू झाला. मधल्या दोन्ही वर्षांच्या अलर्टला खडकांच्या स्थैर्यावर बोलायला निघालेली मंडळी दरडीला वळसा घालून आली! तेव्हा तिकीट काढण्याआधी मार्ग चालू आहे ना, एवढं बघा.

राहणं, जेवणं, व्याख्यानं सगळं सीएनआरएस या फ्रेंच राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या पॉल लांजव्हें केंद्रात, एकाच छपराखाली. या सोयीची खरी किंमत जेवणाच्या टेबलावर कळते. ज्यांचे पेपर तुम्ही दोन वर्षं वाचताय ते समोर बसून पाव तोडत असतात आणि पळून जायला गावात दुसरी जागा नसते. दर जेवणाला वेगळ्या टेबलावर बसा. आपल्याच प्रयोगशाळेच्या घोळक्यात बसणाऱ्यांचा आठवडा फुकट जातो.

कोणत्या वर्षी जावं? माझ्या मते पीएचडीच्या मध्यावर, म्हणजे हातात थोडा डेटा आणि डोक्यात एक न सुटलेला प्रश्न असताना. इथे चकचकीत निष्कर्षांपेक्षा अडलेल्या गोष्टींवर जास्त बोललं जातं, म्हणून पोस्टरवरही अडलेलीच गोष्ट ठेवा. माझ्या शेजारच्या पोस्टरवर शिअर बँडचं, म्हणजे माती जिथे सरकून तुटते त्या अरुंद पट्ट्याचं, सुरेख रंगीत चित्र होतं. बघायला आलेल्या जवळपास प्रत्येकाने एकच विचारलं: मेश, म्हणजे गणनेसाठी केलेल्या तुकड्यांची जाळी, बारीक केला तर काय होतं? प्रश्न खोडसाळ नाही. पदार्थ सॉफ्टनिंगमध्ये गेला, म्हणजे विकृती वाढताना त्याची ताकद घटू लागली, की साध्या काँटिन्युअम मॉडेलला (माती सलग मानणाऱ्या) स्वतःची लांबी उरत नाही. बँडची रुंदी एका एलिमेंटइतकी (जाळीतल्या एका तुकड्याइतकी) होते आणि मेश जितका बारीक कराल तितकी खर्ची पडणारी ऊर्जा शून्याकडे जाते. खऱ्या वाळूत मात्र बँडची जाडी साधारण १० ते २० कणांच्या व्यासाइतकी असते. ही लांबी मॉडेलमध्ये कुठून आणलीत, कॉसेरात किंवा सेकंड ग्रेडिएंट या विस्तारित सिद्धांतांनी की आणखी कशाने, याचं उत्तर तयार ठेवा. प्रयोग करणाऱ्यांना सुरुवातीचा व्हॉइड रेशो (पोकळी आणि घन कण यांच्या आकारमानांचं गुणोत्तर), नमुना कसा बनवला, ड्रेनेज कसं होतं (पाणी बाहेर जाऊ दिलं का) हे विचारतात. हे आकडे पोस्टरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतील, तर अर्धा वेळ तेच सांगण्यात जाईल.

शाळेचा विषय दर वर्षी बदलतो. २०१७ ला डिस्क्रीट एलिमेंट मॉडेलिंग (एकेका कणाची हालचाल मोजणारी पद्धत) होतं, २०१९ ला भू-यांत्रिकीचे संशोधक इओआनिस वार्दुलाकिस यांचा वारसा, २०२३ ला मशीन लर्निंग. व्याख्यानांचं पुस्तक निघतं आणि संघटनेच्या संकेतस्थळावर जुन्या वर्षांची पुस्तकं फुकट मिळतात. हा ठेवा न जाणाऱ्यांनीही उतरवून घ्यावा. जाणाऱ्यांनी आपल्या वर्षाच्या विषयाजवळचं जुनं पुस्तक चाळून जावं. टेन्सर लिहायची चिन्हं आणि ओढ धन धरायची की दाब, हा संकेत प्रत्येक वक्ता आपापला वापरतो, आणि फळ्यावर गणित धावू लागलं की मागे वळून बघायला सवड नसते. शाळेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मेंदू भरून वाहू लागतो. हे सगळ्यांचंच होतं. एखादं व्याख्यान डोक्यावरून गेलं तर जाऊ द्या, फक्त त्यातला एक प्रश्न लिहून ठेवा आणि रात्री जेवताना त्याच वक्त्याला गाठा.

गरम कपडे न्या. बूटही असे न्या की एखाद्या मोकळ्या तासात एसेयॉनच्या किल्ल्यांकडे जाता येईल; १८१९ ते १८३४ दरम्यान सार्डिनियाच्या राज्याने दरीच्या कड्यावर बांधलेली ही पाच ठाणी केंद्रापासून चालत गाठता येतात. फ्रेंच आलं नाही तरी अडत नाही, सभेची भाषा इंग्रजीच.

परतीचं विमान शक्यतो रविवारचं काढा. शनिवारी शाळा संपल्यावर सगळेच एकदम मोदानला उतरतात आणि तिथून विमानतळ गाठायला बराच वेळ लागतो. आठवडाभर ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं, तो नेमका त्याच गाडीत शेजारी येऊन बसतो, म्हणून आपल्या आलेखांची एक छापील प्रत हाताशी असू द्या.