फ्रेंडशिपमध्ये ठासणीचे बार

सिनसिनाटीहून ओहायो नदीच्या कडेने निघालं की लॉरेन्सबर्गला आंबलेल्या धान्याचा वास गाडीत शिरतो. तिथे व्हिस्कीच्या भट्ट्या आहेत. पुढे ऑरोरा, डिल्सबोरो, मग ६२ नंबरचा वळणावळणांचा रस्ता आणि एकदाचं फ्रेंडशिप. इंडियानातलं हे एवढंसं गाव, पण ठासणीच्या बंदुकांचं पंढरपूरच म्हणा! १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं वॉल्टर क्लाइन रेंज इथे आहे. सप्टेंबरची मोठी स्पर्धा आटोपून गर्दी पांगली होती. माझे शेजारी तिथले जुने सभासद, त्यांच्यासोबत गेलो.

ठासणीची बंदूक मला नवीन नाही, म्हणजे बघण्यापुरती. सावंतवाडीकडच्या आमच्या घरी आजोबांची होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ठाण्यात जमा, एरवी माजघरात खुंटीवर. दारू, काथ्या, छर्रे, वर परत काथ्या, असं ते गजाने ठासायचे. आम्हा पोरांना मात्र हात लावू द्यायचे नाहीत.

शेजाऱ्यांची बंदूक म्हणजे थॉम्पसन सेंटर कंपनीची .५० इंची हॉकन, टोपीवर उडणारी. टोपी म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणारी धातूची इवलीशी वाटी. नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचा आहेत आणि ४८ इंचांत त्यांचा एक फेर पुरा होतो. गोल गोळीला याहून संथ फेर मानवतो, लांबुळक्या गोळीला याहून जलद. ४८ म्हणजे दोन्ही डगरींवर हात. मग ही बंदूक नक्की कुठल्या गोळीची, हेच आम्हाला पन्नास यार्डांवरच्या पुठ्ठ्यावर बघायचं होतं.

आधी गोल गोळी. .४९० इंच व्यासाची, जेमतेम साडेअकरा ग्रॅम शिसं. साठ ग्रेन (जेमतेम चार ग्रॅम) काळी दारू आधी मापात, मग नळीत. दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत ओतायची नाही. आत एखादी ठिणगी उरली असेल तर शिंगच हातात फुटेल. नळीच्या तोंडावर तेलकट चिंधी, तिच्यावर गोळी, आणि गजाने दारूला टेकेपर्यंत खाली. चिंध्या मी जुन्या सदऱ्याच्या कापून नेल्या होत्या. पाच बार झाले, भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरलेली. मी माझ्या नेमाला दोष देत होतो, तर शेजारी पुढे जाऊन गवतात काहीतरी वेचायला लागले. बार झाला की चिंधी गोळीपासून सुटून दहा-पंधरा पावलांवर पडते. माझ्या चिंध्या मधोमध फाटून जळालेल्या होत्या. कापड विरळ, त्यामुळे ज्वाला गोळीच्या कडेने निसटत होती.

मग त्यांनी गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं घट्ट कापड काढलं. ते ठासताना गज तळहातात रुतत होता. दर बारानंतर ओली चिंधी नळीतून फिरवायची, कारण काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळूनही काजळी आणि क्षार होऊन मागे उरतो. या खेपेला वेचलेल्या चिंध्या अख्ख्या निघाल्या. मध्ये नाण्याएवढा काळा डाग, कडा नुसत्या उसवलेल्या. पुठ्ठ्यावरची पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली.

मॅक्सी-बॉल ही दुसरी, लांबुळकी गोळी, ३७० ग्रेनची, म्हणजे वजनाला दुपटीहून जास्त. चिंधी नको, खाचांत चरबी भरायची. खांद्याला असा दणका बसला की तिसऱ्या बारानंतर मी जॅकेटची घडी मध्ये घातली. भोकं वीतभर अंतरात. रानडुकरासाठी बरी असेल, पुठ्ठ्यासाठी नाही.

तिसरी मिनिए. फ्रेंच कॅप्टन मिनिएची १८४९ची करामत: गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून सरसर आत जाते, बुडाशी पोकळी, ती बाराच्या दाबाने फुगून आट्यांत बसते. हीच कल्पना १८५३च्या एनफिल्डमध्ये आली आणि त्या एनफिल्डची चरबी लावलेली काडतुसं घेऊन हिंदुस्थानात १८५७ उभं राहिलं. शाळेत ‘चरबी’ हा शब्द परीक्षेपुरता वाचला होता. इथे ती नखांत, चष्म्यावर, सँडविचलासुद्धा. असली काडतुसं दाताने फोडायची, हे मनात आल्यावर सँडविच बाजूला ठेवलं. मिनिएचा निकाल? दारू पन्नासवर आणली तेव्हा कुठे पुठ्ठ्याला लागायला लागली.

शेवटी परत गोल गोळीवर आलो आणि गप्पांच्या नादात घात केला. चिंधी, गोळी, गज, सगळं शिस्तीत. टोपी लावली, चाप ओढला. नुसतं ‘टच्’. दुसरी टोपी, पुन्हा ‘टच्’. शेजाऱ्यांनी नळीचं तोंड पुठ्ठ्याकडेच धरायला लावलं, मिनिटभर थांबवलं, मग नळीत गज सोडला. गजावर भरलेल्या नळीची खूण आहे, ती आत बुडाली होती. टोपी जिच्यावर बसते ती पोकळ बोंडी काढून त्यांनी तिथून चिमूटभर बारीक दारू सारली, गोळी पुन्हा तळाशी बसवली आणि बार काढला. ‘फुस्स’ करून गोळी बाहेर पडली आणि पुठ्ठ्याच्या बरीच अलीकडे मातीत रुतली.

घरी येऊन नळी गरम पाणी आणि साबणाने धुतली. स्वयंपाकघरभर सडक्या अंड्यांचा वास, त्यावर बायकोने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. रात्री बाबांना फोन लावला, चिंध्यांची गोष्ट रंगवून सांगितली, मिनिए सांगितली, शेवटी फुसका बारही सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता.

“मेल्या, दारूच घालूक इसारलंस?”