तुम्ही विचारलंत म्हणून: रोजची भाकर

वेचणीच्या दिवसांत बाया पाथ धरून पुढे सरकत असतात आणि त्यांच्यातली कुणीतरी हे विचारतेच. "काकू, काऊन वो, तुमाले काळजी नाई वाटत काय? एवढं झालं तरी गाणं म्हनता." चुलत जाऊ विचारते. बँकेत पासबुक भरून देणारा मुलगाही एकदा विचारून गेला. गावात ख्रिस्ती घरं आमची तीनच, म्हणून त्या प्रश्नात थोडं कुतूहल असतं आणि थोडी शंकाही: यांच्या प्रार्थनेत असं काय आहे बाप्पा? कापूस वेचता वेचता याचं उत्तर देता येत नाही. मी हसते आणि पुढची पाथ धरते. आता लिहूनच टाकते.

काळजी वाटते. हे आधी. साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे, डोक्यावर पीककर्ज आहे, मुलीच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. मृग कोरडा गेला की माझ्याही पोटात गोळा येतो. दुबार पेरणीचं बियाणं आणताना मीही दुकानात भावावरून भांडते.

गोष्ट 2017 सालची. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या साली फवारणीतून कितीतरी शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, माणसं गेली. आमच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याच्या वर गेली होती. यांनी बॅटरीचा पंप पाठीवर घेतला, तोंडाला नुसता दुपट्टा. फवारा वरच्या पानांवर मारायचा, तोच अंगावर उतरायचा. फवाऱ्याच्या विषाला आम्ही 'औषध' म्हणतो, हेही तेव्हाच पहिल्यांदा कानाला खटकलं. संध्याकाळी घाम, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. दिराने मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. अकरा दिवस आम्ही तिथे होतो.

तुम्हाला वाटेल, त्या रात्री मी गुडघे टेकून मोठी प्रार्थना केली असेल. नाही केली. शब्दच येईनात. मला तर देवाचा राग आला होता. (राग चालतो. बायबलमधल्या दाविद राजाच्या तेराव्या स्तोत्रात तो 'कुठवर, परमेश्वरा, कुठवर?' असं पुन्हा पुन्हा विचारतो. आमच्याकडचे काही उपदेशक ते स्तोत्र वाचायचं टाळतात आणि 'विश्वास ठेवा, सगळं फिटेल' एवढंच सांगतात. मला ते पटत नाही. कर्जाच्या बाबतीत तर मुळीच नाही.) व्हरांड्यात फरशीवर बसून मग लहानपणी पाठ केलेली, येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थनाच म्हणायला लागले, तोंडाला सवय होती म्हणून. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पासून निघाले आणि 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' इथे अडकले.

आज. हजारदा म्हटलेली ओळ, पण हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. कापूस पिकवणाऱ्याचं सगळं वर्षावर असतं. कर्ज वर्षाचं, पैसा वर्षातून एकदा, लग्नं दिवाळीनंतर, उधारी कापूस निघाल्यावर. आमची काळजीही वर्षाच्या मापाची. आणि इथे मागणी एका दिवसाची, तीही भाकरीची. वाटलं, आज काय लागतं? आज यांचा श्वास चालू राहायला हवा. मुलीला जावेकडे जेवण मिळायला हवं. एवढंच मागितलं आणि भिंतीला टेकून दोन तास झोपले.

दुसऱ्या दिवशीही तेवढंच.

मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळत होता, ती कथा तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. रोज सकाळी लागेल तेवढा गोळा करायचा. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट. एरवी ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. त्याच नोव्हेंबरात आमची बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी. निम्म्याहून जास्त कापूस गेला. मी धुऱ्यावर उभी राहून एकटीच हसले, तर वेचणारी बाई म्हणाली, "काकूच्या डोक्यावर परिणाम झाला." पण मला मान्न्याची आठवण झाली होती. मी संबंध वर्षाची बेगमी डोक्यात साठवून बसले होते, तिलाच अळी लागली होती.

याचा अर्थ नियोजन करू नये असा कुणी काढू नका. ज्वारी मी कोठीत भरते, पीकविमा मुदतीत भरते, आणि यांना दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे नेते, कारण यांचा उजवा हात अजून कापतो. तो प्रार्थनेने थांबलेला नाही. शेजारच्या खाटेवरचा तरुण मजूर वाचला नाही. त्याची आईही देवीला नवस बोलत होती, माझ्याहून जास्त कळवळून. माझा नवरा वाचला म्हणून माझा विश्वास मोठा, असं मी त्या माउलीच्या तोंडावर म्हणू शकणार नाही. म्हणून कुठेच म्हणत नाही.

मग मिळालं काय? येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाने तुरुंगातून फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. चिंता करू नका, आभार मानून आपली मागणी देवाला कळवा, असं त्यात आहे. पण कळवलेली मागणी पुरी होईल, असं तो तिथे म्हणत नाही. देवाची शांती तुमची मनं राखील, एवढंच म्हणतो. 'राखील' हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) येतात म्हणून आपण जागल करतो, वावर राखतो. राखणदार बसला म्हणून डुकरं यायची थांबत नाहीत. पण घरचे झोपतात, कारण कुणीतरी जागं आहे. माझी झोप तशीच आहे. काळजी येते, शेपूट हलवत रोज येते, पण जागलीला मी बसलेली नसते.

गेल्या महिन्यात बँकेची नोटीस आली. बायबलमधल्या हिज्कीया राजाला शत्रू अश्शूरच्या राजाकडून धमकीचं पत्र आलं तेव्हा त्याने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरून ठेवलं होतं. मीही नोटीस खाटेवर पसरली, घडी मोडून नीट सपाट केली आणि म्हटलं, "प्रभू, तूच वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

हे दारात उभे होते. म्हणाले, "तो वाचल काय वं?"

"वाचल. तुमी कंदील इकडं सरकवा."

लाईट गेली होती. यांनी कापऱ्या हाताने कंदील आणून खाटेच्या कडेला ठेवला आणि माझ्या बाजूला बसले. नोटिशीवरचा आकडा सकाळी तेवढाच होता. मी ती घडी करून पिशवीत टाकली, डबा बांधला आणि आठची एसटी पकडली.