नंबर की जागा?

यंदाच्या जानेवारीतल्या त्या सकाळचा व्हिडिओ मी चाळीसएक वेळा तरी पाहिला असेल.

जानेवारी 2025 पासून कोकण किनाऱ्यावर मत्स्यव्यवसाय खात्यासाठी ड्रोन उडू लागले. त्यातल्याच एका बंदरावर मी ऑपरेटर आहे. बंदराचं नाव राहू दे. लोकांना वाटतं लग्नात उडवतात तसलाच हा ड्रोन. आमचा पंखवाला आहे, उभा उठतो आणि मग विमानासारखा आडवा जातो. खरी गंमत वाऱ्याची. सकाळी मतलई असतो, जमिनीकडून समुद्राकडे. जाताना ड्रोनच्या पाठीला, परतताना तोंडावर. निम्मी बॅटरी उरली की वळू म्हणणारा नवा पोरगा ड्रोन पाण्यात घालतो. मी 60 टक्क्यांना वळतो. आजवर एकही बुडवलेला नाही, हे कोणी विचारत नाही म्हणून सांगून टाकतो.

त्या दिवशी साडेसातला स्क्रीनवर बोयांचं गोल कडं दिसलं. पर्ससीन. वरून पाहिलं की हे जाळं कसं चालतं ते नीट कळतं: बांगड्याचा काळपट थवा, त्याभोवती वेढा, मग खालच्या कड्यांतली दोरी ओढायची, बटव्याचं तोंड आवळतात तसं. लहानमोठं काही सुटत नाही. 2016 च्या आदेशानुसार राज्याच्या हद्दीत पर्ससीनला मुभा डिसेंबरअखेरपर्यंतच. पण हद्द 12 सागरी मैलांची. त्यापलीकडे राज्याचा कायदा पोचत नाही आणि मालक हटकून 'आम्ही बाहेर होतो' असंच म्हणतात. एआयएस, म्हणजे बोटीची जागा आपोआप कळवणारं यंत्र; त्याच्या नकाशावर त्या जागी काहीच नव्हतं. बंदच करून ठेवलेलं असणार.

आता अडचण अशी, की स्क्रीनवर येणारे अक्षांश-रेखांश ड्रोनचे असतात, बोटीचे नव्हेत. किलोमीटरभर लांबून झूम केलं तर वकील म्हणणार, तुमचा ड्रोन आत होता, आमची बोट बाहेर. म्हणून बोटीच्या बरोबर डोक्यावर जाऊन कॅमेरा सरळ खाली करायचा. पण तिथून नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा नंबर दिसत नाही. नंबरासाठी खाली येऊन बाजूने फेरी मारावी लागते. ड्रोन साडेअकरा मैलांच्या आसपास आणि बॅटरी 62. दोन्हीपैकी एकच जमणार होतं.

मी डोक्यावर गेलो. जागा पक्की आली, 11.4 मैल. छपरावरच्या खलाशाने वर पाहिलं आणि चक्क हात हलवला.

गस्ती नौकेला पोचायला सव्वा तास लागला. डिझेल भरायचं राहिलं होतं, त्याबद्दल न बोललेलंच बरं. वायरलेसवर तांडेलकाका म्हणाले, "हयसर कोणच नाय रे. भायेर चार बोटी असत, सगळ्यो निळ्यो, सगळ्यांची जाळी ओली. नंबर गावलो काय?"

"नाही काका. जागा मिळाली."

"जागेक काय नोटीस लावतलंस?"

साहेबांनीही तेच विचारलं, जरा शुद्ध भाषेत. 2021 च्या दुरुस्तीनंतर दंड लाखांत गेले आहेत, पण दंड ठोठावायला समोर बोट लागते. फेरी मारली असती तर नंबर मिळाला असता का? कदाचित त्यावर ताडपत्री टाकलेली असती. मिळाला असता, तरी 'बाहेर होतो' म्हणून सुटलेच असते. रात्री मी हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडतो आणि दोन्हीकडून सुटते ती बोटच.

संध्याकाळी बंदरावर एक रापणकर भेटला, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा पारंपरिक मच्छीमार. म्हणाला, "तुमचो ड्रोन फोटो काढूक बरो."

काल पुन्हा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. त्या हात हलवणाऱ्या पोराच्या पायाशी एक लाइफरिंग आहे, अर्धी जाळ्याखाली गेलेली. उरलेल्या अर्ध्या भागावर अक्षरं वाचता येतात: 'प्रसाद'.

आमच्या एकट्या बंदरात प्रसाद नावाच्या अकरा बोटी आहेत.